२,१८,००० किमी फिरलेली बॉक्स्टर प्रोजेक्ट म्हणून घ्यावी का?

निम्मा_पाना

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. विकणारा रविवारपर्यंत उत्तर मागतोय.

पोर्शे बॉक्स्टर (९८६), २००१ मॉडेल, २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल. मी चौथा मालक असेन. बोनेटचा रंग उडालाय, हूडाची (कापडी छपराची) मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून पार धुरकट झालीये, सीटची एक कड फाटलीये. चालवून पाहिली. इंजिन मस्त ओढतं, गिअर नीट पडतात, क्लच मात्र जड आहे आणि अगदी वर येऊन पकडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून ऑईलचा ओला पट्टा दिसतो. विकणारा म्हणतो, 'या सगळ्याच गळतात.' आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) आधीच्या मालकाने बदललंय म्हणे, पण बिल नाही. हल्ली गाडी फारशी फिरलेली नाही, उभीच असते.

रोजच्यासाठी माझ्याकडे दुसरी गाडी आहे, छपराखाली जागा आहे. ब्रेक, प्लग, शॉक अॅब्सॉर्बर ही कामं स्वतः केलीत, गिअरबॉक्स कधी उतरवलेला नाही. नीट ठेवलेल्या बॉक्स्टरच्या निम्म्याहून कमी किंमत सांगतोय. पण किलोमीटरचा आकडा ऐकून घरच्यांनी हात जोडले. एवढी फिरलेली स्पोर्ट्स कार घेणं खरंच मूर्खपणा आहे का?

सावध_प्रवासी

दारात हत्ती बांधायची हौस असेल तर घ्या. गाडी आज कितीही स्वस्त मिळो, सुटे भाग ती नवी असतानाच्या तोऱ्यातच येतात. वर इंजिन सीटच्या मागे गाडलेलं, साधं डोळ्यांनी बघायचं तरी हूड अर्धवट उभं करून झाकण उघडा.

शिकायचंच असेल तर पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ बघा. बोनेट उघडलं की सगळं समोर. टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. मागच्या चाकाच्या पुढे दाराखालचा पत्रा गंजलेला नाही ना, एवढं टोकरून बघा.

तेलकट_बाह्या

सावधराव एमएक्स-५ बद्दल बरोबर बोलले, पण पोराने विचारलंय बॉक्स्टरचं. मी ९८६ बरीच वर्षं बाळगून आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाबा रे, या सगळ्या वर्णनात किलोमीटरचा आकडा मला सगळ्यात कमी खटकला. 'उभीच असते' हे जास्त खटकलं, आणि 'बिल नाही' हे सगळ्यात जास्त.

आधी ते बेअरिंग. या इंजिनात क्रँकशाफ्ट एका मधल्या शाफ्टला चेनने फिरवतो आणि तिथून पुढे चेन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे जातात. त्या मधल्या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे, तेच आयएमएस बेअरिंग, शाफ्टचं नाव आयएमएस. काळ जाईल तसं सीलमधून इंजिन ऑईल आत झिरपतं, मूळचं ग्रीस धुऊन जातं आणि आत राहतं ते जुनं, न बदलणारं ऑईल. बेअरिंग निकामी झालं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, इंजिन संपलं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं, २०००-०१ च्या सुमारास एकेरी आलं. तुझी २००१ ची, म्हणजे एकेरीच धरून चाल. अमेरिकेत यावर दावा झाला, त्यात पुढे आलेले आकडे असे: दुहेरीत १ टक्क्याहून कमी बिघाड, एकेरीत सुमारे ८ टक्के. म्हणजे नेटवर वाचून वाटतं तितकी प्रत्येक गाडी फुटत नाही, पण आठ टक्के दुर्लक्ष करण्याइतके थोडेही नाहीत.

आता गंमत बघ. रोज लांब पळणाऱ्या, वेळेवर ऑईल बदललेल्या गाडीत हे बेअरिंग बरं टिकतं. गॅरेजात झाकून ठेवून महिन्यातून एकदा दूध आणायला काढलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीत ते जास्त कुरकुरतं. म्हणून दोन लाख ऐकून मी दचकत नाही. ते किलोमीटर कधी झाले हे मात्र विचार. पहिल्या दहा वर्षांत झाले आणि मग गाडी सडत पडली, की सारखे होत राहिले?

बघायला जाशील तेव्हा आदल्या रात्रीच सांग, इंजिन सुरू करू नका. सकाळी सायलेन्सरला हात लावून बघ, कोमट लागला तर तिथेच समज. थंड स्टार्टला निळ्या धुराचा एक झोत येऊन विरला तर घाबरू नकोस, आडव्या सिलिंडरमध्ये रात्रभर थोडं ऑईल साचतंच. पांढरा धूर मिनिटामिनिटाने वाढत गेला तर ऑईल सेपरेटर (इंजिनातल्या वाफांतून ऑईल वेगळं काढणारा भाग) गेलाय. त्याची आणखी एक खूण आहे: इंजिन आयडलिंगला असताना मागच्या डिकीतलं ऑईलचं झाकण उघड. हलकी ओढ लागली तर ठीक. झाकण चिकटल्यासारखं ओढलं जात असेल आणि उघडताच इंजिन धडपडू लागलं, तर सेपरेटर बदलायचा. झाकणाखालच्या नळीत पांढुरकी साय दिसली तर लगेच हेड गास्केट गेलं म्हणू नकोस, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्प जमतं. कूलंटच्या टाकीत तपकिरी चिखल दिसला तर मात्र नमस्कार करून घरी ये. टाकीखालचा गालिचाही दाबून बघ, या टाक्यांना तडे जातात.

पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांतून टॉर्च मार. रेडिएटर तिथे आहेत आणि त्यांच्यापुढे पानांचा खच साचून ओला राहतो, मागचं सगळं त्याने कुजतं. सीटखालचा गालिचाही चाचप. हूडाच्या पाण्याच्या वाटा तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि किल्ली ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा डबा सीटखालीच बसवलाय. असली जागा ज्याने ठरवली त्याला एक पावसाळा त्याच गाडीत काढायला लावला पाहिजे.

शेवटचं म्हणजे कंप्युटर वाचणारा कुणीतरी सोबत ने. त्यात इंजिनच्या मर्यादेबाहेर गेलेल्या फेऱ्यांची (आरपीएमची) नोंद असते. रेंज १ म्हणजे लिमिटरला (फेऱ्या रोखणाऱ्या यंत्रणेला) टेकवलेली, ते चालतं. रेंज २ म्हणजे कुणीतरी पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात घातलीये. इंजिनचे एकूण तासही तिथेच दिसतात. किलोमीटरला तासांनी भागून बघ, मीटर फिरवलेला असेल तर सरासरी वेग हास्यास्पद येतो.

आणि तो जड क्लच! ती तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागणार, आणि बेअरिंग नेमकं त्याच्याच मागे आहे. म्हणजे मोठी मजुरी एकदाच.

गिअरबॉक्सताई

रोज हेच काम करते म्हणून थोडी भर घालते.

तो ओला पट्टा क्रँकच्या मागच्या सीलचा असेलच असं नाही. आयएमएसच्या झाकणाच्या कडेने किंवा क्रँककेसच्या बोल्टमधूनही तिथेच ऑईल उतरतं, आणि फ्लायव्हील काढल्याशिवाय खरं कळत नाही.

इंजिनचा नंबर वाचा. त्यात 'एटी' असेल तर ते कंपनीचं बदली इंजिन आहे. उशिराच्या बदली इंजिनात मोठं बेअरिंग असू शकतं. ते सहसा टिकतं, पण क्रँककेस न फोडता काढता येत नाही, मग आधीच्या मालकाने 'बदललंय' ही कथाच खोटी ठरते.

तेलकटकाका ऑईल फिल्टर कसे विसरले? फिल्टर काढा, कागदाच्या घड्या कापून उलगडा आणि लोहचुंबक फिरवा. तपकिरी प्लास्टिकच्या कपच्या निघाल्या तर चेनची गाईड झिजतीये, त्यावर मार्ग आहे. चुंबकाला चकचकीत कण चिकटले तर नवीन बेअरिंग घालून उपयोग नाही, ते कण इंजिनभर पसरलेले असतात. लोक तरीही बेअरिंग बदलतात आणि मग इंजिन बसलं की नव्या बेअरिंगला शिव्या घालतात.

निम्मा_पाना

काका, ताई, आज परत जाऊन आलो. इंजिन थंडच होतं. निळा झोत आला, लगेच विरला. झाकणाला हलकी ओढ. कूलंट स्वच्छ. रेडिएटरपुढून ओंजळभर कुजलेली पानं काढली. एका सीटखालचा गालिचा दमट आहे, पण किल्ली ओळखते. रेंज २ मध्ये शून्य. तास ४,६००, म्हणजे सरासरी ताशी ४७ च्या आसपास, पटण्यासारखं वाटतं. नंबरात एटी नाही.

घोडं अडलं ते फिल्टरवर. कापू देत नाही म्हणाला. 'घ्यायची तर घ्या, इंजिन उघडायचं नाही.'

सावध_प्रवासी

बघा! ताकाला जाऊन भांडं लपवणारे असेच असतात. सोडा ती.

तेलकट_बाह्या

लपवतोयच असं नाही, काही लोकांना दारात कुणी पाना काढलेलाच आवडत नाही. पण त्याच्या स्वभावाचे पैसे तू का द्यायचे? त्याला सांग, फिल्टर आणि ऑईल दोन्ही नवं मी आणतो, ऑईल-बदल माझ्याकडून फुकट, जुना फिल्टर तेवढा माझा. याला नाही म्हणायला कारण उरत नाही. तरीही नाही म्हणाला तर बेअरिंग कधीच बदललेलं नाही आणि इंजिनाचा भरवसा नाही असं धरून आकडा सांग, आणि तो फिरला तर तूही फिर. मिळाली तर गिअरबॉक्स निघेपर्यंत फिरवायची नाही, मित्रांना दाखवायलाही नाही.

गिअरबॉक्सताई

अनुमोदन. चुंबक कोरडा राहिला तर मी स्वतः ही गाडी घेतली असती.

पहिल्यांदाच करताय म्हणून सांगते: बेअरिंगचं झाकण सोडण्याआधी क्रँक आणि कॅम दोन्ही लॉक करून चेनचे टेन्शनर ढिले करायचे असतात. ते न करता झाकण ओढलं तर शाफ्ट जागचा हलतो आणि टायमिंग जातं. या टप्प्यावर हे काम केलेला माणूस शेजारी उभा हवा. गिअरबॉक्स उतरवणं, क्लच, सील हे तुम्ही करू शकाल, चार भक्कम स्टँड आणि गिअरबॉक्सचा जॅक मात्र हवाच.

आणि तो दमट गालिचा आधी बघा. इमोबिलायझर बुडाला तर गाडी सुरूच होणार नाही. सीट काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसेल.