गणपत गल्ली की टिळकवाडी? ब्लाऊज-साडीच्या दुकानासाठी गाळा भाड्यानं घ्यायचाय, सल्ला हवाय

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ बेळगावच्या शहापुरात घरीच ब्लाऊज शिवतो, फॉल-पिको करतो, वडगावच्या मागावरच्या थोड्या साड्याही ठेवतो. आता घरची जागा पुरेना म्हणून बाजारात गाळा बघायलोय. दोन बघितलेत, दोन्ही तळमजल्यावर, रस्त्याला लागून.

पहिला गणपत गल्लीत, 180 चौरस फूट, जुन्या वाड्याचा पुढचा भाग. मालक दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागायलेत, त्यातलं निम्मं रोख. करार 11 महिन्यांचा, पुढचं पुढं बघू म्हणतात. दुसरा टिळकवाडीत आरपीडी क्रॉसजवळ, 300 चौरस फूट, नवी इमारत. ते तीन वर्षं द्यायला तयार आहेत, पण भाड्यावर जीएसटी वेगळा. आम्ही जीएसटीत नाही. मूळ भाडं दोन्हीकडं जवळपास सारखंच.

कपाटं, ट्रायल रूम, काउंटर, लाईट यात आमची साठवलेली सगळी रक्कम जाणार आहे. बाजारात दुकान असलेल्यांनी सांगा, कुठली जागा घेऊ?

तिसरं_गेट
टिळकवाडी घ्या ताई. कॉलेजच्या मुली आहेत, नोकरदार बायका आहेत, स्कूटर दारात लावता येते. गणपत गल्लीत गाडी लावायचीच पंचाईत.

खानापूरवाली
मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. आमच्याकडं लग्न ठरलं की सगळा बस्ता बांधायला बेळगावात येतो. साडी घेतली की पावलावर कुणीतरी ब्लाऊजचं माप घेणारी पाहिजे असते. त्यासाठी परत रिक्षा करून टिळकवाडीला कोण जाणार? चंदगडकडच्या बायकांचंही तसंच. शिवाय ब्लाऊजला तीनदा यावं लागतं, कापड द्यायला, ट्रायलला आणि न्यायला. बाजारात असलं की भाजी, औषधं, सोनाराकडचं काम, सगळ्याला जोडून ते होऊन जातं.

रविवारपेठ_दुकानदार
ताई, आमचं दुकान वडिलांपासूनचं आहे, भाड्याच्याच जागेत. खानापूरवाली वैनींचं बरोबर आहे, तुमच्या धंद्याला साड्यांच्या दुकानांची शेजार लागते. टिळकवाडीत तुम्हाला रोजचं गिऱ्हाईक मिळेल, पण लग्नसराईचं मोठं काम गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली याच पट्ट्यात फिरतं.

तरीही आज आहे त्या अटींवर गणपत गल्लीचा गाळा घेऊ नका. तुम्ही साठवलेली रक्कम भिंतीला ठोकणार आणि मालक 11 महिन्यांचा शब्द देणार, हे जुळत नाही. दुकान जमायला एक दिवाळी आणि एक लग्नसराई जावी लागते. तेवढ्यात करार संपतो, आणि चाललेलं दुकान बघून भाडं वाढवून मागितलं तर तुम्ही कपाटं उपसून कुठं जाणार? फर्निचरचा खर्च फिटायला जितकी वर्षं लागतील तितकी वर्षं कागदावर आली पाहिजेत. किमान तीन, पाच मिळाली तर उत्तम. वाढही आत्ताच लिहून घ्या, दरवर्षी 5 टक्के म्हणजे 5 टक्के. मालकाला मुदतीत जागा खाली करून मागता येणार नाही, तुम्हाला मात्र तीन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल, असं मागून बघा. सगळं मिळणार नाही, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही.

दुसरं, जुना वाडा म्हणालात. भाऊबंदांत वाटणी झालीय का? आमच्या शेजारच्या गाळ्याचा करार एका भावानं केला आणि दुसऱ्या वर्षी धाकटा येऊन भाडं मला द्या म्हणून दारात बसला. भाडेकरू बिचारा दोघांच्या मध्ये सापडला. सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा खाता (घरपट्टीसाठीची मालमत्तेची नोंद), दोन्हींवर कुणाकुणाची नावं आहेत बघा, आणि तेवढ्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

रस्ता रुंदीकरणाचंही विचारा. जुन्या गल्ल्यांत मास्टर प्लॅनमध्ये पुढचा भाग जाणार असेल तर 180 फुटांचे किती उरणार? हे मालकाला नको, महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा.

वकिली_करतो
वरच्या काकांनी मुद्द्याचं सांगितलंय, कायद्याचं थोडं जोडतो.

11 महिने का म्हणतात? नोंदणी कायदा, 1908 प्रमाणं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो खर्च टाळायला ही पळवाट. पण तीन वर्षांचा करार नुसत्या स्टॅम्पपेपरवर करून ठेवला तर मुदतीचा पुरावा म्हणून तो कोर्टात टिकत नाही. सब-रजिस्ट्रारकडं नोंदवा, खर्च अर्धा-अर्धा करा.

कोल्हापूरकडच्या कुणा पाहुण्यांकडून कराराचा मसुदा आणू नका. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा इथं लागू नाही. कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदा आहे, पण 14 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 150 चौरस फुटांपेक्षा मोठी व्यापारी जागा त्यात येत नाही. तुमचे दोन्ही गाळे बाहेर. म्हणजे तुमचं संरक्षण फक्त करारात जे लिहिलं असेल तेवढंच. करार कन्नड किंवा इंग्रजीत टाइप होईल. एकेक कलम कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या, मगच सही करा.

जीएसटी: मालक नोंदणीकृत असतील तर भाड्यावर 18 टक्के लागतो आणि तुम्ही नोंदणीत नसल्यानं तो परत मिळत नाही. टिळकवाडीचं भाडं 18 टक्के वाढवून मगच तुलना करा.

रोख डिपॉझिट देऊ नका. सगळं बँकेतून द्या आणि जागा सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार ते लिहून घ्या. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसतच नाही, हे मालकांनाही सांगा.

शहापूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत जाऊन आले. गणपत गल्लीच्या गाळ्यात मागच्या भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत आणि पांढरी खार आलीय. मालक म्हणतात रंग मारून देतो. शटरसमोर गटारावरची फरशी एका बाजूनं खचलीय. पायरी मात्र एकच आहे, म्हाताऱ्या बायकांना सोयीची. टिळकवाडीत चार पायऱ्या चढाव्या लागतात.

शटरपुढं एक फुलवाली मावशी बसतात, त्यांचं काय करायचं?

रविवारपेठ_दुकानदार
मावशींना उठवू नका. त्या तुमच्याआधीपासून आहेत आणि फुलं घ्यायला थांबणारी बाई तुमचीच गिऱ्हाईक आहे. शटरपुढची दीड-दोन हात वाट मोकळी ठेवा म्हणून प्रेमानं सांगा. सणाच्या दिवसांत वाहनं बंद होतात तेव्हा अशी माणसंच दुकानावर लक्ष ठेवतात.

खार म्हणजे ओल भिंतीत आहे. नुसत्या रंगानं एक पावसाळासुद्धा निघणार नाही आणि तुमच्याकडं रेशमाचं कापड असणार. खालचा गिलावा काढून वॉटरप्रूफिंग मालकांनी करून द्यायचं, ते झाल्यावर भाडं सुरू, असं करारात घाला. तरीही कपाटं भिंतीपासून चार बोटं सोडून आणि जमिनीपासून वर ठेवा.

हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल मागून घ्या. आर.आर. नंबरवर (वीज जोडणीच्या क्रमांकावर) थकबाकी आहे का, मीटर व्यापारी दराचं आहे का, आणि शिलाई मशीन, इस्त्री, एसी धरून मंजूर लोड पुरतो का, हे तुमच्या वायरमनला दाखवा.

तिसरं_गेट
18 टक्के आणि चार पायऱ्या ऐकून माझं मत बदललं. गणपत गल्लीच बघा. फक्त बोर्डाचं आधी ठरवा. 2024 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर 60 टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात लागतं. गाळ्याची दर्शनी रुंदी कमी असेल तर दुकानाचं नाव छोटं ठेवा, मराठीतही ठळक दिसेल.

शहापूरची_लेक
मालकांशी बोलणं झालं. नोंदणीचा निम्मा खर्च आम्ही दिला तर तीन वर्षांला तयार आहेत. डिपॉझिट सहा महिन्यांचं, सगळं चेकनं. ओलीचं मात्र अजून हो म्हणत नाहीत. उताऱ्यावर त्यांच्यासोबत बहिणीचंही नाव निघालं, त्या गोव्याला असतात.

वकिली_करतो
बहिणीला नोंदणीच्या दिवशी बोलवा, नाहीतर त्यांच्याकडून भावाच्या नावे नोंदवलेलं मुखत्यारपत्र घ्या. फोनवरची संमती धरू नका. सही होईपर्यंत इसार म्हणूनसुद्धा काही देऊ नका.

रविवारपेठ_दुकानदार
आणि ओलीवर अडून राहा. मालक गिलाव्याचा खर्च करणार नसतील तर तुम्ही करा आणि ती रक्कम पहिल्या महिन्यांच्या भाड्यातून वळती करून घ्या, तेही करारात आकड्यासकट. गवंडी पाहिजे असेल तर मला निरोप टाका, आमच्या गाळ्याचं काम ज्यांनी केलं त्यांना पाठवतो.