बेदाण्याच्या पेमेंटमधले ५० हजार वादात, पण चालू खातं पूर्ण बंद. सुरुवात कुठून करायची?

बेदाणा_तासगाव
पेढीचं चालू खातं इथल्या एका सहकारी बँकेत आहे. इंदूरच्या व्यापाऱ्याला १५ किलोचे १२० बॉक्स किलोला २१० च्या दराने गेले, म्हणजे ३,७८,००० रुपये. पैसे तीन वेळा मिळून आले: २,००,००० आरटीजीएसने, १,२८,००० एनईएफटीने आणि राहिलेले ५०,००० आयएमपीएसने. शेवटची रक्कम त्याच्या फर्मच्या खात्यातून न येता तिसऱ्याच कुणाच्या नावावरून आली. आता बँक म्हणते, तेलंगणातून सायबर तक्रार आली आहे, खातं होल्डवर आहे. खात्यात ११ लाखांवर शिल्लक आहे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे त्यांच्या मालाचे पैसे, थांबल्यात. शाखेत विचारलं की "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळतं. फसवणुकीशी आमचा काडीचा संबंध नाही. वकील इकडचा बघायचा की तिकडचा?

खातेवही_मिरज
शेठ, वकिलाचं नंतर बघू. आधी बँकेकडून कागद काढा.

तिकडे कुणाचे तरी पैसे गेले आणि त्यानं १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार दिली. मग पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकले त्या प्रत्येक बँकेला निरोप जातो. पहिलं खातं, दुसरं, तिसरं अशा टप्प्यांना बँकवाले लेयर म्हणतात. पैशाच्या बदल्यात माल गेला की नुसती फिरवाफिरवी झाली, हे त्या साखळीत दिसत नाही. त्यामुळे खरा विक्रेताही त्याच रांगेत उभा राहतो.

लेखी अर्ज द्या, शिक्क्यासह पोच घ्या. अर्जात एवढं मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचं पद, पोलिसांच्या पत्रातलं कलम, वादातली रक्कम आणि तिचा व्यवहार क्रमांक. आयएमपीएसचा क्रमांक १२ अंकी असतो, तो पासबुकातल्या नोंदीशी ताडून बघा. एक प्रश्न मुद्दाम विचारा: पत्रात फक्त ५०,००० वर लीन (तेवढीच रक्कम अडवणं) मागितलंय की सगळं खातं डेबिट फ्रीज (पैसे काढणंच बंद) करायला सांगितलंय? पुष्कळदा पोलिसांचं पत्र रकमेपुरतंच असतं आणि बँक आपल्या सोयीनं सगळंच अडवून ठेवते. तसं निघालं तर "५०,००० वर लीन ठेवून उरलेलं खातं खुलं करावं" असा दुसरा अर्ज त्याच दिवशी द्या.

छोट्या सहकारी बँकांचं आयएमपीएस बऱ्याचदा मोठ्या स्पॉन्सर बँकेमार्फत चालतं. पत्र तिकडे येतं आणि शाखेला नुसता निरोप मिळतो, म्हणून शाखाधिकारी हात वर करतो. अर्जाची प्रत मुख्य कार्यालयातल्या नोडल अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र लोकपाल पोलिसांचा आदेश उठवू शकत नाही. बँकेनं मागितल्यापेक्षा जास्त अडवलं, एवढाच तिथला मुद्दा.

विजयनगर_वकील
वरचं सगळं बरोबर. कायद्याची बाजू सांगतो.

संशयित मालमत्ता पोलिसांनी जप्त करायची ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०२), आणि ते दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कलम १०७ खाली गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणायची तर आदेश न्यायालयाचा लागतो आणि म्हणणं मांडायला १४ दिवसांची नोटीस मिळते. म्हणून पत्रातलं कलम महत्त्वाचं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये असल्याच प्रकरणांत फ्रीज पत्रातल्या रकमेपुरता ठेवायला बँकांना सांगितलं. तो निकाल अर्जाला जोडा.

तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं एक संच पाठवा: बिल, ई-वे बिल, बिल्टी, काटा पावती, कोल्ड स्टोरेजची पावती, सौद्याची नोंद, जीएसटी रिटर्नमधलं ते बिल आणि त्या महिन्याचा खातेउतारा. सोबत एका पानाचं निवेदन: माल कधी गेला, कुणी उतरवून घेतला, तीन रकमा कोणत्या बिलापोटी आल्या. बिलाची तारीख पैसे येण्याच्या आधीची असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा, बाजू तिथंच भक्कम होते. चोरीची मालमत्ता घेण्याच्या गुन्ह्यात (भारतीय न्याय संहिता, कलम ३१७) ती चोरीची आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं लागतं. बाजारभावानं विकलेल्या मालाचे कागद हेच त्यावरचं उत्तर.

व्यापाऱ्याबरोबरचं व्हॉट्सॲप चॅट पुसू नका, फोनही बदलू नका. पुढे ते न्यायालयात द्यायचं झालं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फोनवरून होतं.

अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, अडकलेले पैसे मोकळे करण्यासाठी अर्ज. त्याला तिकडचा वकील लागेल. मात्र बँक इकडची आणि झळही इकडेच, म्हणून रिट याचिका आपल्या उच्च न्यायालयात मांडता येते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, सांगली-साताऱ्याची प्रकरणं तिथंच जातात. मुंबईची फेरी वाचली.

बेदाणा_तासगाव
मोठी मदत झाली. बँकेचं पत्र मिळालं, रक्कम ५०,००० च लिहिली आहे. पण दोन नव्या गोष्टी. तिकडून व्हॉट्सॲपवर हजर राहायची नोटीस आली आहे. आणि एकजण फोन करून म्हणतो, १५,००० यूपीआय करा, दोन दिवसांत खातं उघडून देतो.

विजयनगर_वकील
त्या फोनवाल्याला एक रुपयाही देऊ नका. होल्ड काढायला सरकारी फी नसते. अडकलेल्यांचे नंबर मिळवून त्यांनाच पुन्हा लुबाडणारे पुष्कळ आहेत. तो नंबर १९३० वर कळवा, सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यातही द्या.

नोटीस खरी का, हे तेलंगणा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या ठाण्याचा नंबर काढून विचारा. नोटिशीत छापलेल्या नंबरवर विचारू नका. मग नोटिशीत नागरिक सुरक्षा संहितेचं कोणतं कलम आहे ते बघा. १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार, आणि त्या कलमाखाली आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीबाहेरच्या माणसाला हजर राहायला भाग पाडता येत नाही. ९४ असेल तर कागद मागितलेत, ते पाठवून द्या. ३५(३) असेल तर मात्र तुमच्याकडे संशयित म्हणून बघतायत. ती दुर्लक्षून चालत नाही, वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या.

मार्केटयार्ड_सांगली
व्यापाराच्या बाजूनं थोडं. ज्या नावाचं जीएसटी त्याच नावाच्या खात्यातून पैसे, हे सौद्याआधीच सांगा आणि बिलावर छापा. तिसऱ्याच नावावरून पैसे आले तर माल गाडीत चढण्याआधी खुलासा मागा. "चुकून आले, या दुसऱ्या नंबरवर परत पाठवा" असं कुणी म्हटलं तर अजिबात पाठवू नका. पैसा धुवायची ती नेहमीची वाट आहे, आणि पाठवलेत तर तुमचं खातं त्या साखळीतली पुढची कडी ठरतं. परत करायचेच तर बँकेला लेखी कळवून, आले त्याच खात्यात.

आणि ज्यांना तुम्ही पुढच्या तारखेचे चेक दिलेत त्यांना आजच लेखी कळवा. खातं होल्डवर असताना चेक परत गेले की न वटलेल्या चेकबद्दलच्या कलम १३८ च्या नोटिसा सुरू होतात. पट्ट्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून भागवा, पण या खात्यावर यायचे पैसे गुपचूप तिकडे वळवू नका. दुसरं खातं कशासाठी वापरताय ते तपास अधिकाऱ्याला द्यायच्या निवेदनातच लिहून टाका.