अनुभव धागा: सुचलेली चाल निसटायच्या आत कशी धरता?

चाल सुचते ती नेमकी हात रिकामे नसताना. बसमध्ये लटकताना, दळण घेऊन येताना. कागद सापडेपर्यंत कुणाच्या तरी मोबाइलवर दुसरंच गाणं वाजतं आणि आपली चाल त्यात वाहून जाते. गाणारे, वाजवणारे, भजनातले, लग्नाच्या बँडमधले, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करतो.

मोबाइलवर नुसतं गुणगुणून ठेवलं, तर आठवड्यानं ऐकताना सा, म्हणजे बाकीचे स्वर ज्याच्यावरून मोजायचे तो, कुठला धरला होता तेच कळत नाही. आणि सा हलला की सगळंच हललं. भूप रागाचेच स्वर, पण गंधाराला सा मानलं तर मालकंस होतो, पंचमाला मानलं तर दुर्गा. म्हणून आधी सा लावायचा, 'काळी एक', म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, असं तोंडानं सांगायचं, मांडीवर टाळी देत राहायचं आणि मग चाल म्हणायची. टाळी ऐकू आलीच पाहिजे. मुखडा, म्हणजे चालीची परत परत येणारी पहिली ओळ, कितव्या मात्रेवरून उठतो ते तिच्यावरूनच कळतं. शब्द नसले तरी चालतं.
(अंबाजोगाई, संगीतशिक्षक)

मी लिहून ठेवतो. भातखंड्यांच्या स्वरलिपीच्या खुणा सोप्या आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. केरवा तालाच्या आठ मात्रा पाडायच्या आणि स्वर टाकत जायचं. किराणाच्या बिलामागं मुखडा मावतो. तेवढाच लिहितो, अंतरा बोटांना मागून सापडतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र कागदावर अर्धीच उतरते. कमान काढली तरी गंधारावरून सावकाश उतरायचं की झटकन, हे कागद सांगत नाही. तेवढ्यापुरता मोबाइल.
(परभणी, भजनी मंडळात पेटी)

माझं जरा वेगळं आहे. मला नवं सुचत नाही, आईच्या गळ्यातलं राखायचंय. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ. पण मोबाइल समोर धरून 'म्हण' म्हटलं की दोन ओळींत थांबायची. "अशी नुसती बसून कुठं येती का गं?" मग अडगळीतलं जातं काढलं, खुंटा ठोकून बसवला, मूठभर ज्वारी टाकली. हात फिरायला लागला आणि ओवी सुरू झाली. पहिली ओळ ओढताना तिचा दम फेऱ्याबरोबर तुटतो, दुसरीचं शेवटचं अक्षर पुढच्या फेऱ्यात शिरतं. पेटीवर बसवून बघितली, बसली नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागा आहेत तिच्यात. रेकॉर्डिंगमध्ये जात्याची घरघर आहे, ती मुद्दाम ठेवली, कारण लय तिच्यातच आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात आमच्या माजलगाव भागातल्याही आहेत. तरी प्रत्येकीच्या गळ्याची वळणं वेगळी. ज्यांच्या घरी आई, आत्या, मावशी आहेत त्यांनी या दिवाळीला जातं काढाच. पुढच्या वर्षावर टाकू नका.
(माजलगाव)

संबळाचं आम्ही लिहीत नाही. तुकडा सुचला की तोंडानं म्हणत राहायचं, घरी पोचेपर्यंत. तोंडात बसलं की हातात येतं.
(तुळजापूर, गोंधळी)

रात्री नांगरट करलालो की सुचतंय मला. ट्रॅक्टर एका गिअरला एकाच सुरात घुमतोय, चाल त्या सुराला धरून येतीय. घरी येऊन म्हणावं तर जमायचंच नाही, कारण सूर वावरात राहिलेला. आता इंजिन चालू ठेवूनच रेकॉर्ड करलालो. खरखर येतीय, येऊ द्या. घरी लावलं की चाल जशीच्या तशी हाती येतीय.
(औसा)

रेकॉर्ड सगळेच करतात, नंतर सापडत नाही. तिथल्या तिथं नाव द्या: 'दादरा, काळी दोन, क्रांती चौक'. जागा लिहिली की तेव्हाचा मूडही आठवतो.
(छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थी)

मी काहीच करत नाही. चांगली चाल असेल तर परत येते.
(नांदेड)

नांदेडकर, हे मला पटत नाही. जी परत आली नाही ती चांगली नव्हती, हे ठरवणार कसं? तुम्ही एक महिना तरी टिपून बघा.
(अंबाजोगाई)

जनाबाईचं आमचं गाव. तिचे अभंग पांडुरंग लिहून घ्यायचा, ही कथा इथं लेकरालाही माहीत. आमचे लिहून घेणारे म्हणजे टाळकरी. अभंगाला चाल सुचली की त्याच दिवशी हरिपाठानंतर पोरांना देतो. आधी टाळ बंद ठेवून नुसतं म्हणायचं, मग टाळ. पाच-सहा गळ्यांत गेली की मी विसरलो तरी बिघडत नाही.
(गंगाखेड, वारकरी)

माउली, पोरांच्या तोंडी चाल बदलत नाही का?
(परभणी)

बदलते की. एका चालीत तिसऱ्या चरणाला मी वर षड्जाला जायचो. एका पोराचा आवाज तिथं पोचेना, त्यानं पंचमावरच ठेवलं. ते अभंगाला जास्त शोभलं, आता मीही तसंच म्हणतो. पहिली चाल मोबाइलमध्ये आहे, कुणाला पाहिजे असेल तर पाठवतो.
(गंगाखेड)