मदत हवी आहे : घरचे फ्रेंच फ्राइज पाच मिनिटांत मऊ पडतात

नमस्कार. मी नेरूळला राहते. गेले तीन रविवार मुलांसाठी घरी फ्रेंच फ्राइज करण्याचा प्रयत्न करीत आहे. परंतु कढईतून काढताना कुरकुरीत वाटणारे काप ताटात पडेपर्यंत ओल्या वातीसारखे लोंबू लागतात. बटाटे साधारण एक सेंटिमीटर जाडीचे कापून, वरचा स्टार्च निघावा म्हणून अर्धा तास थंड पाण्यात ठेवते, सुती पंचावर टिपून कोरडे करते आणि दोनदा तळते: आधी सुमारे १५० अंशांवर पाच मिनिटे, थंड झाल्यावर १८० अंशांवर रंग येईपर्यंत. (थर्मामीटर या कामासाठीच आणला, त्यावरून घरात पुरेशी थट्टा झाली आहे.)

माझा संशय बटाट्यावर आहे. वाशीच्या घाऊक बाजारातून आणलेला बटाटा किंचित गोड लागतो आणि आतून शिजण्याआधीच तपकिरी होतो. शीतगृहात बटाट्यातील स्टार्चची साखर होते, हे मला ठाऊक आहे. मात्र असा बटाटा आठवडाभर बाहेर ठेवल्यास सुधारतो का, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का? ‘कुफरी चिप्सोना’ किंवा ‘कुफरी फ्रायसोना’ या जातींचा बटाटा नवी मुंबईत किंवा ठाण्यात किरकोळीत, दोन-तीन किलो, कोठे मिळतो? तसेच पावसाळी दमट हवेत दोन तळण्यांच्या मध्ये काप फ्रीजरमध्ये ठेवणे उपयोगी ठरते का, हेही कृपया सांगावे. कॉर्नफ्लोअर लावण्याचा सल्ला शक्यतो नको. त्याने भजी झाल्यासारखी वाटतात.