गच्चीवर कोळसा पेटवायचा आहे. रॉकेल, धूर आणि काळे डाग टाळून कसा पेटवू?

खवय्या चिंचवडचा

नमस्कार मंडळी. भावाने बार्बेक्यूची शेगडी भेट दिली आहे. गोल, तीन पायांची, वर जाळी, बुडाला हवेची भोकं. सोसायटीची गच्ची वापरायला सेक्रेटरींनी हो म्हटलंय, पण दोन अटी घातल्यात: फरशीला डाग नको आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धूर नको. कोळसा आणलाय, इस्त्रीवाल्यांकडे मिळतो तोच, गोणीतला. हात लावला की हात काळे, गोणी हलवली की भुकटी उडते. आणि पेटवायचा कसा? रॉकेल घरात नाही आणि आणायचंही नाही. येत्या रविवारी पनीर आणि सुरमई ठरली आहे. जाणकारांनी सांगावं.

तर्रीदार

एवढं काय त्यात. थोडं पेट्रोल शिंपडायचं, लांबून काडी टाकायची. आम्ही शेतावर पार्टीला असंच करतो. पेटत नाही असं वाटलं तर अजून थोडं.

लाँड्रीवाली, मिरज

तर्रीदार, "अजून थोडं" हेच माणसं भाजण्याचं कारण आहे. वरून कोळसा काळा दिसतो, आत निखारा असतो. त्यावर ओतलेल्याची लगेच वाफ होते, वाफ पेटते आणि जाळ धारेवरून बाटलीपर्यंत येतो. पेट्रोलचं तर नावच काढू नका, त्याची वाफ ओतल्याबरोबर जमिनीलगत पसरते, काडी लांबून टाकली तरी भडका तुमच्या पायाशी.

खवय्या, मी सांगते. माझ्या सासऱ्यांची मिरजेत लाँड्री होती, कोळशाच्या इस्त्रीची. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी कोळसा पेटवणं माझ्याकडे. बाजूला लोकांचे पांढरे सदरे, धोतरं, शाळेचे गणवेश. ठिणगी उडाली तर कापडाला भोक आणि राख पडली तर डाग, त्यामुळे आमच्याकडे कोळशाला शिस्त होती.

पहिली गोष्ट, कोळसा गोणीतून थेट शेगडीत जात नाही. गच्चीच्या कोपऱ्यात जुना कागद अंथरा, हातात जुने मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला आणि गोणी तिरकी करून हळूच ओता. वाळू चाळायची मोठ्या भोकांची चाळण असेल तर त्यातून चाळून घ्या. खाली पडते ती भुकटी शेगडीत घालायची नाही, ती हवा अडवते आणि तीच उडते. पेरूएवढे तुकडे ठेवा. मोठा असेल तर कागदात गुंडाळून फोडा. फोडल्यावर आतून तपकिरी दिसला तर तो अर्धवट जळलेलं लाकूड आहे. तुमच्या काकूंच्या कपड्यांना जो धूर लागेल तो अशाच कोळशातून येतो. चांगला कोळसा आतून काळा चकचकीत, आपटला की खणकन वाजतो.

दुसरी गोष्ट ओल. पावसाळ्यात कोळसा हवेतलं पाणी धरतो. मग तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा.

आता पेटवणं. तुम्हाला ना पंखा लागेल, ना फुंकणी. लागतो एक पत्र्याचा उंच डबा. पाच किलोचा तेलाचा किंवा तुपाचा रिकामा डबा चालेल, पण जस्ताचा मुलामा दिलेली बादली घेऊ नका, तापली की जस्ताचा विषारी धूर निघतो. डब्याचं वरचं झाकण कापा, बूडही कापा. बुडापासून चार बोटं वर आरपार चार-पाच खिळे मारा किंवा जाड तारा ओवा, कोळसा त्यावर बसेल. त्या खालच्या पट्टीत चौफेर भोकं पाडा. नवा डबा रंगीत असेल तर आधी एकदा रिकामा तापवून रंग जाळा, खायचं भाजण्यासाठी तेच बरं. धरायला जाड चामड्याचे हातमोजे आणि लांब सांडशी.

हा डबा शेगडीच्या तळाच्या जाळीवर ठेवायचा. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैल चुरगळून, त्यावर घरातल्या तेलाचे थेंब. तेल कशाला? कोरडा कागद भुर्रकन जळतो, तेलकट कागद वातीसारखा सावकाश जळतो. वर तारांवर कोळसा, डबा काठोकाठ न भरता. भोकातून काडी लावायची आणि बाजूला उभं राहायचं. हवा खालून आत खेचली जाते, तापलेली वर जाते, तीच त्याची फुंकणी. पहिली पाच मिनिटं धूर येईल, मग येणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडांना करडी राख दिसली की पेटलंय. करवंटीचा कोळसा असेल तर आणखी थोडा वेळ लागतो, पण तो जास्त टिकतो आणि राखही कमी देतो. आमच्या इस्त्रीत तोच असायचा.

मग डबा सांडशीने धरून, तोंड लांब ठेवून निखारे तळाशी ओता, मोकळा झालेला डबा विटेवर ठेवा. गरम डबा फरशीवर ठेवला तर फरशी तडकू शकते. शेगडीखाली दोन विटा आणि त्यावर पत्रा घातला की सेक्रेटरींची अट पाळली गेली.

एक सक्त सूचना. अंगावर सुती कपडे, पदर-ओढणी खोचलेली, पाण्याची बादली हाताशी. ती जवळच्या कपड्याला आग लागली तर म्हणून, शेगडीत ओतायला नाही. तापलेल्या निखाऱ्यावर पाणी मारलं की वाफेने हात भाजतो आणि राख सगळीकडे उडते.

एडिसनकर

ताई, या डब्याला आमच्याकडे अमेरिकेत चिमणी म्हणतात आणि दुकानात तयार मिळते, लाकडी दांड्याची. तुमची वर्णनं तंतोतंत. दोन गोष्टी जोडतो. इथे बहुतेक लोक लाकडाच्या कोळशाच्या भुकटीचे दाबून केलेले गोळे वापरतात, सगळे एकसारखे, सावकाश जळणारे. त्यातले काही आधीच इंधनात भिजवलेले असतात. ते चिमणीत घालू नका, पहिल्या वाफेचा वास माशाला लागतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पाऊस आला की लोक शेगडी उचलून जिन्यात किंवा सरकत्या काचा लावलेल्या बाल्कनीत आणतात. ते करू नका. धूर थांबून निखारे छान लाल झाले की सुरक्षित वाटतात, पण तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या सुमारे दोनशे पट जोरात चिकटतो. डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही. उत्तर भारतात थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तंबूतही तीच गोष्ट.

तर्रीदार

पेट्रोलचं मागे घेतो. पण गॅसवर पापडाच्या जाळीवर दोन कोळसे लाल करून वर घातले तर? माझी बायको डाळीला धुंगार देते तेव्हा असंच करते.

लाँड्रीवाली, मिरज

एका वाटीच्या धुंगारासाठी ठीक आहे. शेगडीसाठी नको. कोळसा गॅसवर तडतडून ठिणगी ओट्यावर पडते आणि तो लाल निखारा घेऊन तुम्ही जिन्यातून गच्चीवर जाणार, मध्ये मूल आडवं आलं तर? कोळसा जिथे वापरायचा तिथेच पेटवा.

खवय्या चिंचवडचा

काकू, खूप खूप धन्यवाद. डबा मिळाला, पंधरा किलोच्या तेलाचा, पण तो चौकोनी आहे. चालेल का? आणि जेवण झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांचं काय करू, रात्री गच्चीवर सोडून यायची भीती वाटते.

लाँड्रीवाली, मिरज

चौकोनी चालतो, पण तुमच्या शेगडीच्या मापापेक्षा मोठा असेल. अर्धा भरा किंवा छोटा डबा शोधा.

निखारे सोडून येऊ नका, बरोबर भीती आहे. आमच्याकडे दुकान बंद करताना उरलेले निखारे सांडशीने मातीच्या मडक्यात टाकून वर परात दाबून बसवायचे. हवा संपली की आपोआप विझतात. मडकं नसेल तर घट्ट झाकणाचा लोखंडी डबा. झाकणाला फट राहिली तर तो रात्रभर आत धुमसत बसेल. डबा विटेवर, उघड्यावर, भिंतीपासून आणि सुकत्या कपड्यांपासून लांब. सकाळी हात धरून गार वाटला तरी राख लगेच प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकू नका, राखेच्या पोटात निखारा एक दिवसाहून जास्त जिवंत राहतो. पूर्ण गार झाल्यावर पाणी शिंपडून टाका. आणि ते विझवलेले कोळसे फेकू नका, पुढच्या वेळी डब्यात खाली घाला. एकदा जळून विझलेला कोळसा नव्यापेक्षा लवकर धरतो.

सुरमईच्या जाळीला आधी तेल लावा. मासा उलटायला घाई करू नका, खालची बाजू नीट भाजली की जाळीपासून आपणच सुटते, मग उलटा.