युकुलेले: सोप्रानो, कॉन्सर्ट की टेनर? पहिल्यांदाच घेतोय

पांढरी_दोन
युकुलेले घ्यायचं ठरलंय, अडलंय ते साइझवर. २१, २३ आणि २६ इंच असे तीन प्रकार दिसतात. गिटार कधी हातात धरलेली नाही, पेटी बऱ्यापैकी येते. मुख्यतः गाण्याला साथ करायची आहे, जमलं तर चालही वाजवायची. माझा पंजा मोठा, बोटं जाड. घरातली ८ वर्षांची मुलगीही तेच वाद्य वाजवणार. आणि बॅरिटोन नावाचं याहून मोठं असतं म्हणे, एकदम तेच घेतलं तर?

खुंटी_पीळ
आधी बॅरिटोनचा निकाल लावू. त्याच्या तारा डी-जी-बी-ई अशा लावतात, म्हणजे गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारा. बाकी तिन्ही साइझ जी-सी-ई-ए. शिकवण्या आणि कॉर्डचे (एकत्र वाजवायच्या सुरांचे) तक्ते बहुतेक जी-सी-ई-ए धरूनच असतात. बॅरिटोनवर तुम्ही तक्त्यातला सी धराल आणि वाजेल जी. पहिलं वाद्य म्हणून नकोच.

दुकानदार सांगतो ते २१-२३-२६ इंच म्हणजे वाद्याची एकूण लांबी. बोटांना फरक पडतो तो नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारा दुसऱ्या टोकाला जिथे बांधतात ती पट्टी) तारेचा जेवढा भाग वाजतो त्याचा, म्हणजे स्केलचा. सोप्रानोचं स्केल साधारण ३५ सेंमी, कॉन्सर्टचं ३८, टेनरचं ४३.

आता डी कॉर्ड घ्या. जी, सी, ई या तिन्ही तारांवर दुसऱ्याच घरात, म्हणजे मानेवरच्या दोन पडद्यांमधल्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांमधल्या) जागेत, तीन बोटं बसवायची. ते घर सोप्रानोवर साडेअठरा मिमी लांब, कॉन्सर्टवर २०, टेनरवर जवळजवळ २३. जाड बोटं सोप्रानोवर एकमेकांना ढकलतात, शेवटचं बोट पडद्यापासून मागे सरतं आणि तार भरभरते. एक पळवाट आहे: तर्जनी आडवी टाकून चारही तारा दाबायच्या. तो डी-सिक्स (डीच्या जवळचा कॉर्ड) होतो, साथीला बऱ्याचदा खपून जातो. पण सुरुवातीपासून पळवाटेची सवय कशाला?

उलट मुलीला टेनर लांब पडेल. डावा हात पुढे ताणला की मनगट दुमडतं. दोघांत एकच घ्यायचं तर कॉन्सर्ट, फार विचार करू नका.

घोडी_आणि_नट
कॉन्सर्टला माझंही मत. कारण मात्र मी वेगळं देईन.

तिन्ही साइझचे सूर तेच असतात. तार जितकी आखूड तितकी ती त्याच सुराला सैल राहते. एकाच जाडीची तार टेनरवर त्याच सुराला लावली तर सोप्रानोच्या दीडपट ताण येतो. सैल तारेवर नवशिक्याचं बोट जरा जोरात पडलं किंवा तार बाजूला ओढली गेली की सूर चढतो. "सोप्रानो बेसूर वाजतं" ही तक्रार अर्ध्या वेळा दाबाची असते, वाद्याची नसते. म्हणून तारांचा संच घेताना साइझ बघूनच घ्या. आणि गिटारच्या स्टीलच्या तारा चुकूनही लावू नका, ब्रिज उखडून येईल.

दुकानात क्लिपचा ट्यूनर (सूर दाखवणारं छोटं यंत्र) घेऊन जा. प्रत्येक तार मोकळी लावून घ्या, मग १२ व्या पडद्यावर दाबा. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. काटा १० सेंटपेक्षा (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) जास्त चढला तर दुसरा नग मागा. त्यानंतर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून पहिल्या पडद्यावर किती फट उरते ते बघा. कागदाएवढी असावी. ठसठशीत फट दिसली तर नटच्या खाचा उथळ आहेत. स्वस्त वाद्यांत हा दोष सर्रास असतो, आणि त्यामुळे मोकळी तार सुरात पण पहिल्या पडद्यावरची चढलेली वाजते. वाद्य दुरुस्त करणारा खाचा कानशीने खोल करून देतो, घरी प्रयोग नको. १२ व्या पडद्यावर तारेची उंची अडीच ते तीन मिमी ठीक.

खुंट्या गिअरच्या घ्या. नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या दिसायला छान, पण जरा फिरवलं की सूर पार पुढे जातो. आणि मुंबई-कोकणाकडे राहत असाल तर पहिलं वाद्य लॅमिनेटचंच (लाकडाचे पातळ थर चिकटवलेलं) घ्या. एकसंध लाकडाचा आवाज जास्त खुलतो, पण पावसाळ्यात ते फुगतं आणि मे महिन्यात बंद गाडीत राहिलं तर तडकतं.

खर्ज_हवाच
पेटी येते म्हणालात, म्हणून हे. पांढरी एकला, म्हणजे सीला, सा धरा. मोकळ्या तारा काय झाल्या? जी म्हणजे प, सी म्हणजे सा, ई म्हणजे ग, ए म्हणजे ध. प सा ग ध!

गंमत म्हणजे हा प मध्य सप्तकातला आहे. चौथी तार, म्हणजे हीच जी, जाड आणि खालच्या सुराची असेल असं वाटतं, पण ती सी आणि ई या दोन्ही तारांपेक्षा वर लागते. म्हणजे सर्वांत खालचा सूर सी, आपला मध्य सा. त्याखाली काही नाही. चालीत मंद्र नी किंवा ध आला की हात अडला. वर मात्र भरपूर: ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर तार सा, १२ व्यावर तार ध.

यावर उपाय 'लो जी'. चौथी तार एक सप्तक खाली लावायची, मंद्र प पर्यंत मिळतं. सोप्रानोवर ती तार लुळी पडते, टेनरवर छान बोलते. चाल वाजवण्यावर भर असेल तर टेनरचा विचार करा, एवढंच.

कॅपोचंही (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) बघा. पांढरी दोनच्या गाण्याला दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून सी-एफ-जीचेच आकार धरायचे. काळी पाचला पाचव्यावर लावून एफ, बी फ्लॅट, सीचे. टेनरवर पाचव्यावर कॅपो लावला तरी ३२ सेंमी तार उरते. सोप्रानोवर उरते २६, तिथे जाड बोटांची पंचाईत.

पांढरी_दोन
प सा ग ध! हे एकदम डोक्यात बसलं. मग कॉन्सर्टच घेतो. त्यावर लो जी लगेच लावून घेऊ का?

घोडी_आणि_नट
कॉन्सर्टवर चालते, पण लगेच नको. लो जीची साधी तार जाड असते, नटची खाच रुंद करावी लागू शकते. पुढे पुन्हा बारीक तार लावली की ती रुंद खाचेत हलते आणि भरभरते. लावायचीच झाली तर धातूचं वेष्टण असलेली घ्या, ती बारीक असल्याने बहुधा जुन्याच खाचेत बसते. आधी काही महिने मूळ तारांवर हात बसू दे.

नवीन तारा पहिला आठवडाभर सतत उतरतात. वाद्य खराब नाही, तार ताणून बसतेय. लावा, बोटाने हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा. बऱ्याच ट्यूनरवर फक्त जी दिसतो, सप्तक कळत नाही, त्यामुळे चौथी तार चुकून एक सप्तक खाली लावली जाते आणि लटकते. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे आपला प, दाबून त्याच्याशी मिळवा. तुमच्याकडे पेटी आहे, ट्यूनरपेक्षा तेच सोपं पडेल.