वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोणती मुक्त प्रणाली टाकावी? (कृतिदेव फाँटमधल्या मराठी फाइली सांभाळायच्या आहेत)

नमस्कार मंडळी,

बाबांच्या कॉम्प्युटरसाठी सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते. "जुना पीसी आहे, कोणतं लिनक्स टाकू?" एवढंच विचारलं तर उत्तरं पुष्कळ येतील, पण आमची खरी अडचण मशिनपेक्षा त्यातल्या मराठीची आहे.

मशिन २००९ सालचं, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडून घेतलेलं. पेंटियम ड्युअल कोअर ई५३००, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोज ७, ३२ बिट. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. इतक्या वर्षांत एकदा पॉवर सप्लाय बदलला, बाकी काही खर्च नाही.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. तरुणपणी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टाइपरायटर शिकले, बोटं अजून त्याच कळांवर चालतात. निवृत्तीनंतर मोडी शिकले. आठवड्यातून दोनदा सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसतात, कागद वाचतात, वहीत उतरवून घेतात आणि घरी येऊन देवनागरीत टाइप करतात. असं अकरा वर्षांचं काम या मशिनवर आहे. नऊशेच्या आसपास वर्डच्या फाइली, सगळ्या कृतिदेव फाँटमध्ये.

बदल करायचा, कारण विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर सुरक्षा अपडेट मिळत नाहीत आणि क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबलं. पेन्शनचं खातं बघायला बँकेची साइट उघडत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि किमान ४ जीबी रॅम लागते, तो प्रश्नच मिटला. दुकानात विचारलं तर "भंगारात द्या, नवीन घ्या" म्हणाले. पण बाबांना नवीन नको आहे आणि मला ते पटतं. चालणारी वस्तू आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१७ मध्ये एका दुरुस्तीवाल्याने न विचारता डिस्क फॉरमॅट केली. आठ महिन्यांचं काम गेलं. वह्या होत्या म्हणून बाबांनी ते पुन्हा टाइप केलं, पण तेव्हापासून ते मशिनला कोणाला हात लावू देत नाहीत. मला त्यांनी एकदाच परवानगी दिली आहे. म्हणून आधी इथे विचारते आहे.

आतापर्यंत केलं ते असं. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढल्या, एक माझ्या लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या डिस्कवर. मशिन ३२ बिट असल्यामुळे लिनक्सचे मिंट, उबुंटू हे प्रकार बाद धरले. डेबियन १३ नेही ३२ बिट इन्स्टॉलर बंद केला आहे, म्हणून अँटिएक्स आणि पपी हे हलके प्रकार पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. दोन्ही चटकन सुरू होतात. पण बाबांची फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ते बघून बाबांनी "राहू दे" म्हणून खुर्ची मागे घेतली.

माझे प्रश्न:

या मशिनवर पुढची चार-पाच वर्षं निर्धास्त चालेल अशी प्रणाली कोणती? जुन्या फाइली जशाच्या तशा दिसतील का? बाबांना टाइपरायटरचीच पद्धत ठेवता येईल का? पहिली वेलांटी ते अक्षराच्या आधी मारतात, युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर-इंटरनेटवर चालतं त्या मराठीत, ती नंतर येते. या वयात त्यांना सवय बदलायला लावणं मला बरोबर वाटत नाही. आणि रिअॅक्टओएस विंडोजचे प्रोग्राम चालवते असं वाचलं, तो मार्ग कसा आहे?

प्रतिसाद १

ताई, पहिला गैरसमज दूर करा. विंडोज ३२ बिट आहे, प्रोसेसर नाही. ई५३०० हा ६४ बिट प्रोसेसर आहे. त्या काळी २ जीबी रॅमच्या मशिनवर सर्रास ३२ बिट विंडोज टाकायचे. त्यामुळे मिंटही चालेल आणि डेबियन १३ ही. खरे ३२ बिट म्हणजे ॲटम एन२७० वाले छोटे लॅपटॉप, त्यांच्यासाठी अँटिएक्स ठीक.

प्रणाली ठरवण्याआधी थोडा खर्च करा. जी३१ बोर्ड ४ जीबीपर्यंत रॅम घेतो. वापरलेल्या डीडीआर२ च्या २ जीबीच्या दोन पट्ट्या शोधा. हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी लावा आणि जुनी डिस्क फॉरमॅट न करता कपाटात ठेवून द्या. काही बिनसलं तर ती परत जोडली की बाबांचं विंडोज जसंच्या तसं समोर. तुमची २०१७ ची भीती यानेच जाईल.

रॅम ४ जीबी झाली तर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्या. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सिनॅमन आवृत्ती या ग्राफिक्सवर जड जाईल. रॅम मिळाली नाही तर डेबियन १३ आणि एलएक्सक्यूटी डेस्कटॉप. दोन्हीकडे लक्षात ठेवा, रॅम खातो तो ब्राउझर. एका वेळी दोन-तीन टॅबच्या पुढे जाऊ नका.

रिअॅक्टओएस अजून अल्फा, म्हणजे कच्च्या चाचणीच्या अवस्थेत आहे. अभ्यास म्हणून छान, बाबांचं काम त्यावर ठेवू नका. १०२० प्रिंटरला एचपीलिप (लिनक्ससाठीचं एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) आणि त्याचा वेगळा प्लगिन लागतो. त्या प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर (आतला चालवणारा प्रोग्राम) टिकत नाही, चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. प्लगिन टाकला की काम होतं.

प्रतिसाद २

फाइलींबद्दल मी सांगतो, हे काम मी बरंच केलं आहे.

खिचडी दिसते म्हणजे फाइल बिघडलेली नाही. कृतिदेवमध्ये "क" हे अक्षर साठवलेलंच नसतं. फाइलमध्ये इंग्रजी अक्षर असतं आणि फाँट त्या जागी "क"चं चित्र दाखवतो. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून कृतिदेवची टीटीएफ फाइल उचला आणि लिनक्समध्ये टाका. लिबरऑफिस (लिनक्समध्ये वर्डच्या जागी वापरतात तो प्रोग्राम) बंद करून पुन्हा उघडा. सगळं मराठी दिसेल.

याचाच दुसरा फायदा असा, की टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. कीबोर्ड इंग्रजी ठेवायचा, फाँट कृतिदेव निवडायचा, बोटं टाइपरायटरप्रमाणे चालवायची. पहिली वेलांटीसुद्धा आधीच मारायची. बाबांना काही बदलावं लागणार नाही.

दोन ठिकाणी मात्र अडाल. लिबरऑफिसमधलं ऑटोकरेक्ट आधी बंद करा. ते वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वळवतं. कृतिदेवमध्ये कॅपिटल अक्षर म्हणजे वेगळंच मराठी अक्षर, त्यामुळे शब्द फुटतो आणि माणूस फाँटला दोष देत बसतो. दुसरं, काही जोडाक्षरं विंडोजमध्ये आल्ट दाबून आकडे मारून काढतात. लिनक्समध्ये ती सोय तशी नाही. त्यासाठी ऑटोकरेक्टच्या फक्त बदली-शब्दांच्या यादीत स्वतःची खूण नोंदवा आणि तेवढंच चालू ठेवा.

पण एक कळकळीने सांगतो. नऊशे फाइली कृतिदेवमध्येच ठेवू नका. उद्या फाँट हरवला तर बाबांचं अकरा वर्षांचं काम वाचताच येणार नाही. मूळ प्रत राखून दुसरी प्रत युनिकोडमध्ये करा. रूपांतर करणारी साधनं आहेत, रफार आणि पहिली वेलांटी या दोन जागी चुकतात, तेवढं नजरेखालून घालावं लागतं. युनिकोड झालं की सगळ्या फाइलींत एका वेळी शब्द शोधता येतो.

आणि बाबांना सांगा, २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये जागा आहे. नोटो सान्स मोडी हा मोफत फाँट टाकला की मोडी अक्षरं पडद्यावर दिसतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

रॅमच्या दोन पट्ट्या तपकीर गल्लीतच मिळाल्या. एसएसडी लावली, मिंट एक्सएफसीई टाकलं. जुनी डिस्क बाबांनी स्वतः रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. कृतिदेव टाकून पहिली फाइल उघडली, तेव्हा त्यांनी पान खालपर्यंत सरकवत शेवटची ओळ पाहिली, मगच बोलले. ऑटोकरेक्ट बंद करायला मी विसरले होते, "फाँट चुकतोय" म्हणून अर्धा तास गेला आणि मग तुमचा प्रतिसाद आठवला. प्रिंटर चालतो. बँकेची साइट उघडते.

जोडाक्षरांची यादी बाबांनी वहीत काढून दिली, सव्वीस निघाली. ती मी नोंदवते आहे.

चाळीस फाइली युनिकोडमध्ये करून झाल्या. परवा बाबांनी "फडणीस" शब्द शोधायला सांगितला. सात फाइली निघाल्या, त्यातल्या दोन ते विसरून गेले होते. आता रोज संध्याकाळी पाच फाइली तपासायला बसतात.

एकच प्रश्न उरला आहे. "र्‍य" आणि "र्‍ह" मधला अर्धा र रूपांतरात रफार होऊन वर चढतो. दर्‍या, तर्‍हा, वर्‍हाड हे शब्द बाबांच्या कागदांत पावलोपावली येतात. हाताने दुरुस्त करण्याऐवजी शोधा-बदला वापरून एकदम करता येईल का? "आचार्य"मधला खरा रफार मात्र जागचा हलता कामा नये. कोणी केलं असेल तर पद्धत सांगा.